नोकरी सांभाळून धंद्याची पदवी

एसटी स्टँडच्या भिंतीवर, स्टेशनाबाहेरच्या खांबावर, झेरॉक्सच्या दुकानात एक चिठोरे चिकटवलेले तुम्ही नक्की पाहिले असेल. ‘घरबसल्या पदवी. नापासांना संधी. एका वर्षात बीबीए, एमबीए.’ खाली मोबाइल नंबर. आपल्या कोंडाणे-कोंडिवडे पट्ट्यातला एखादा पोरगा खोपोलीच्या कारखान्यात पाळी करून येतो, चहा पिता पिता तो नंबर खिशात टाकतो आणि घरी येऊन बापाला विचारतो, ‘करू का?’ बाप म्हणतो, ‘नोकरी आहे ना? मग कशाला नसती उठाठेव?’ विषय तिथेच संपतो. आमच्या मते पोराचा प्रश्न रास्त आहे, बापाचे उत्तर चुकीचे आहे, आणि खांबावरचा नंबर तर त्याहून चुकीचा आहे. आज या तिन्हीबद्दल बोलू.

आधी बापाशी बोलू. दादा, कर्जत-खालापुरात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत काय झाले ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला, मुंबई-पुण्याची मंडळी आली, बांधाला बांध लागून फार्महाउस उभी राहिली. ज्याने जमीन विकली त्याच्या घरात दोन वर्षे पैसा खेळला, मग लग्ने झाली, गाडी आली, घर बांधले, आणि पैसा गेला. आज त्याच जमिनीवर त्याचाच मुलगा शेटजींच्या कुत्र्याला फिरवतो, बागेला पाणी देतो आणि महिन्याला पगार मोजून घेतो. त्यात कमीपणा काही नाही, कष्टाचा पैसा आहे. पण शनिवारी-रविवारी त्याच फार्महाउसची खोली किती हजाराला जाते, हे त्याला ठाऊक असते. तो धंदा शेटजींना जमतो आणि आपल्याला का जमत नाही? भांडवल हे एक कारण झाले. दुसरे कारण म्हणजे हिशेब. खर्च कशाला म्हणायचे, घसारा कशाला म्हणायचे, खेळते भांडवल किती लागते, कर्जाचा हप्ता कोणत्या महिन्यात झेपेल, हे आपल्याला कुणी बसून शिकवलेच नाही. आपला हिशेब पाठ असतो, कागदावर नसतो. आणि बँकेचा मॅनेजर कागद मागतो.

एक साधे उदाहरण घ्या. आकडे समजुतीपुरते आहेत, तुम्ही आपले घाला. समजा तुम्ही घराला लागून दोन खोल्या बांधल्या आणि लेणी बघायला, पावसाळ्यात धबधब्याला येणाऱ्या पाहुण्यांना द्यायच्या ठरवल्या. कर्जाचा हप्ता, रंगरंगोटी, वीज, विमा मिळून वर्षाचा बांधील खर्च १ लाख २० हजार. एका खोलीचे एका रात्रीचे भाडे न्याहारीसकट १,५०० रुपये. त्यातून चहा-न्याहारी, चादरी धुणे, साफसफाई यांचे ६०० वजा करा. हाती राहिले ९००. आता १ लाख २० हजाराला ९०० ने भागा. उत्तर येते १३३ आणि थोडे वर. म्हणजे वर्षात १३४ रात्री खोली भरली तर तुम्ही ना नफा ना तोटा. १३५व्या रात्रीपासून तुमची कमाई. पावसाळ्याचे शनिवार-रविवार धरा पंधरा. दोन खोल्या, दोन रात्री, सगळ्या भरल्या तरी झाल्या ६०. उरलेल्या ७४ रात्री कुठून आणायच्या? हा प्रश्न खोल्या बांधायच्या आधी विचारायचा असतो. आपण बांधून झाल्यावर विचारतो, आणि मग देवाला नवस करतो. वाणिज्य किंवा व्यवस्थापन शिकणाऱ्याला हे गणित सुरुवातीच्या विषयांतच घालतात. मोठे गुपित नाही, पण शिकल्याशिवाय सुचत नाही.

तुम्ही म्हणाल, शिकायचेच तर कॉलेजात जावे. जरूर जावे, ज्याला जाता येते त्याने. पण बाविसाव्या वर्षी घर ज्याच्या पगारावर चालते, ज्याला पाळीची ड्युटी आहे आणि जून-जुलैत राब आणि लावणी चुकत नाही, त्याने काय करायचे? त्याच्यासाठीच दूरशिक्षण निघाले. ही सोय काल-परवाची नाही. दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण १९६२ साली सुरू केले. आपला रायगड ज्या मुंबई विद्यापीठाखाली येतो त्याने १९७१ साली. विलायतेत मुक्त विद्यापीठ १९६९ ला स्थापन झाले, कारखान्यात आणि घरकामात अडकलेल्यांसाठीच. आपल्या देशातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला, मग १९८५ ला दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, ज्याला सगळे इग्नू म्हणतात. आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि नाशिकनंतर इग्नूचे झाले. २०२३ साली ते गेले. खेड्यातला, नोकरीतला, चूल सांभाळणारा माणूसही विद्यार्थी असतो, हे या राज्यात ठामपणे मांडणाऱ्यांत त्यांचे नाव घ्यावे लागते.

ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की इग्नूने १९८७ साली शिकवायला सुरुवात केली ती दोनच पदविकांनी, आणि त्यातली एक व्यवस्थापनाची होती. विद्यार्थी होते ४,५२८. नोकरी करता करता धंदा शिकू पाहणारा माणूस हा दूरशिक्षणाच्या घरचा पहिल्यापासूनचा पाहुणा आहे.

इथे जरा आडवाट करतो. कोंडाण्याच्या लेण्यांत आपण पोरांना सहलीला नेतो, पण तिथल्या एका मूर्तीजवळ कोरलेला लेख फार थोडे वाचतात. कण्ह नावाच्या गुरूचा शिष्य बलक, त्याने हे केले, अशा अर्थाचा तो लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात शिष्याला शब्द वापरलाय तो ‘अंतेवासी’, म्हणजे गुरूच्या जवळ राहणारा. तेव्हा विद्या घ्यायची तर गुरूपाशी जाऊन राहावे लागे. बलकाने ते केले आणि दगडात नाव राखले. आजचा आपला पोरगा गुरूपासून शंभर-दोनशे किलोमीटर दूर राहून शिकणार. म्हणजे बलकाला गुरूकडून जे आयते मिळत होते, वेळेवर उठवणे, चुकले की टोकणे, ते याला स्वतःच स्वतःला करावे लागणार. दूरशिक्षणात गाडी अडते ती बहुतेक वेळा इथेच. अभ्यास कठीण म्हणून सोडणारे थोडे, पुस्तकांचा गठ्ठा पोत्यावर पडून राहिला म्हणून सोडणारे फार.

म्हणून ‘घरबसल्या’ या शब्दाचे आम्हाला वावडे आहे. घरी बसून काही मिळत नाही. हिशेब ऐका. मुक्त विद्यापीठात अभ्यास श्रेयांकांत मोजतात आणि इग्नूत एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे १२० तास. त्यांची एमबीए ११६ श्रेयांकांची. गुणाकार करा, ३,४८० तास होतात. कमीत कमी मुदत दोन वर्षे, जास्तीत जास्त चार. दोन वर्षांत उरकायचे तर रोज पावणेपाच तास. पाळीवरून येणाऱ्या माणसाला ते झेपायचे नाही, उगाच छाती काढू नये. चार वर्षे घेतली तर रोज दोन तास आणि वर वीस-पंचवीस मिनिटे. हे जमण्यासारखे आहे. कर्जतहून मुंबईला रोज लोकलने जाणारे आपले कितीतरी भाऊ-बहिणी एका बाजूचे दोन तास गाडीत काढतात. बसायला जागा मिळाली तर त्यातला एक तास वाचनाचा. पत्त्यांचा डाव शनिवारी मांडावा.

आणि वेळापत्रक आपल्या शेतीच्या कामाशी जुळवून घ्या, हे शहरातला कुणी सांगणार नाही. इग्नूच्या परीक्षा वर्षातून दोनदा, जूनला आणि डिसेंबरला. जूनमध्ये आपल्याकडे राबाची पेरणी, कुंपण, बी-खताची धावपळ. डिसेंबरात कापणी-झोडणी उरकलेली असते. तेव्हा जड विषय डिसेंबरला ठेवावेत, जूनला एखाद-दुसरा हलका. मुदत लांब आहे ती ह्याचसाठी वापरायची असते. शिवाय वर्षभर घरी लिहून द्यायचे स्वाध्याय असतात. इग्नूत त्यांना ३० टक्के वजन आहे, ७० टक्के लेखी परीक्षेला. स्वाध्याय लोक दुसऱ्याचे उतरवून देतात. मग परीक्षेत कोरा कागद समोर आला की हात थांबतो, कारण त्या ३० टक्क्यांतच पुढच्या ७० टक्क्यांची तयारी असते.

आता कोणी काय करावे. बारावी झालेल्याने बीकॉम किंवा बीबीए. नाशिकच्या विद्यापीठाचे बीकॉम मराठीतून होते, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. इंग्रजीचा बाऊ करून बसलेल्यांनी ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी हा लेख वाचल्याचे सार्थक. मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण केंद्र कालिन्याला आहे, तिथेही वाणिज्य शाखा आहे. ज्याची पदवी आधीच झाली आहे आणि जो कारखान्यात सुपरवायझर, पतपेढीत मॅनेजर, दूध संस्थेत सचिव आहे त्याने एमबीएचा विचार करावा. इग्नूला त्यासाठी पदवीला ५० टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गाला ४५. ज्यांची दहावी-बारावीच राहिलीय त्यांनी निराश होऊ नये. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी देता येते, राष्ट्रीय मुक्त विद्यालयातूनही देता येते. एके काळी नाशिकला पूर्वतयारीची परीक्षा देऊन बारावी नसतानाही पदवीला बसता येई आणि त्या वाटेने पुष्कळ गृहिणी, शिपाई, वनरक्षक पदवीधर झाले. आज नोकरीच्या अर्जात अडचण नको असेल तर बारावीचे प्रमाणपत्र आधी हाती घेतलेले बरे.

शेतीचीच पदवी दूरशिक्षणाने घ्यावी असे कुणाच्या मनात असेल तर थांबा. कृषी, अभियांत्रिकी, वैद्यक, कायदा अशा शाखांची पदवी या मार्गाने देण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाची मनाई आहे. कोणी देतो म्हणाला तर तो फसवतोय. शेतीतले ज्ञान कर्जतच्या भात संशोधन केंद्रात विचारायला जा. ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ ही वाणे तिथलीच. पण पिकवलेला तांदूळ पॉलिशचा कसा, विनापॉलिशचा कसा, किलोच्या पिशवीत कितीला, पेणला कितीला आणि दादरला कितीला, हे वाणिज्याचे शिक्षण.

आता खांबावरच्या त्या नंबरकडे येऊ. फसवणूक कशी होते? गल्लीतले एक ‘केंद्र’ दूरच्या राज्यातल्या विद्यापीठाचे नाव सांगते, रोख पैसे घेते, पावती साध्या कागदावर देते. दोन वर्षांनी रंगीत प्रमाणपत्र येते, आणि बढतीच्या वेळी साहेब ते परत करतो. राज्याच्या मुक्त विद्यापीठाला आपल्या राज्याच्या हद्दीबाहेर केंद्र काढता येत नाही. कोणत्याही विद्यापीठाला आपले दूरशिक्षण खाजगी दुकानदाराला ठेक्याने देता येत नाही. आयोग दरवर्षी बनावट विद्यापीठांची यादी काढतो आणि त्या यादीत आपल्या राज्यातल्या नागपूरच्या एका संस्थेचेही नाव राहिले आहे. तेव्हा फसवणारे सगळे परमुलखातलेच असतात असे समजू नका.

यादीत नाव नाही म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. मान्यता विद्यापीठाला असते तशी प्रत्येक अभ्यासक्रमाला आणि ठराविक वर्षापुरतीही असते. नावाजलेल्या संस्थेचा एखादा अभ्यासक्रम एखाद्या सत्रात बंद असू शकतो. आयोगाचे दूरशिक्षण खाते आहे, त्याच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि वर्ष असे तिन्ही जुळवून बघा. २०२४ पासून तर प्रवेशाआधी त्या खात्याचा विद्यार्थी क्रमांक स्वतः काढावा लागतो. जो दलाल म्हणेल ‘त्याची गरज नाही, मी बघतो’, त्याच्या दारातून तसेच परत फिरा. फी विद्यापीठाच्या खात्यात ऑनलाइन भरायची, माणसाच्या हातात द्यायची नाही. ‘पण तो आपल्या ओळखीचा आहे’ ही सबब आम्ही फार ऐकली आहे. बुडवणारा बहुतेक ओळखीचाच असतो, अनोळखी माणसाला आपण पैसे देतो कुठे?

हे हसण्यावारी नेऊ नका. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी योग्य परवानगीविना दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्या स्थगित केल्या. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेली माणसे. नोकरीत लागून, बढत्या घेऊन बारा-पंधरा वर्षे झालेली. त्यांना पुन्हा परीक्षेला बसा असे सांगण्याची वेळ आली. चूक विद्यापीठाची, निस्तरायचे विद्यार्थ्याने.

उलट बाजूही तितकीच पक्की आहे. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नेहमीच्या कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने ते पुन्हा स्पष्ट केले. तलाठ्याची परीक्षा पदवीधरांसाठी असते, बँकेच्या, लोकसेवा आयोगाच्या परीक्षा तशाच. तिथे ही पदवी चालते. तेव्हा गावातले जे शहाणे ‘बाहेरून केलेली पदवी काय कामाची’ म्हणून पोराचा उत्साह मारतात, त्यांना हे वाचून दाखवा.

नोकरी सोडून द्या. आम्हाला ह्या शिक्षणाचा उपयोग गावातच जास्त दिसतो. कंपनी कायद्यात २००२ साली दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढायची सोय झाली. किमान दहा उत्पादक लागतात. २०२० साली केंद्राने अशा दहा हजार संस्था उभ्या करायची योजना आणली. त्या योजनेत कंपनी चालवणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याच्या पगारासाठी सुरुवातीची तीन वर्षे महिन्याला २५ हजारांपर्यंत मदत ठरवली होती, हिशेबनिसासाठी १० हजारांपर्यंत. आणि तो अधिकारी कोण असावा? कृषी किंवा कृषी-विपणनाचा पदवीधर, नाहीतर बीबीए वा तत्सम. आता सांगा, दहा गावांत मिळून असे किती आहेत? भागधारक गोळा होतात, सभा होते, हार घालतात, फोटो पेपरात येतो. मग लेखापरीक्षण, वार्षिक विवरणपत्रे, जीएसटी यांची वेळ आली की शहरातला माणूस भाड्याने आणावा लागतो, तो तिसऱ्या महिन्याला फोन उचलत नाही, आणि कंपनी कागदावर राहते. सरकारने योजना आणायची आणि ती चालवायला गावात माणूसच नसायचा, हे किती दिवस चालायचे? तो माणूस आज कारखान्यात पाळी करतोय, बचत गटाच्या वह्या लिहितेय, नाहीतर दूध मोजतोय. त्याला-तिला चार वर्षे द्या.

बायकांचे वेगळे सांगतो. बचत गटाची जी ताई दहा-वीस बायकांचा हप्ता, व्याज, दंड बिनचूक लिहिते तिला अर्धे लेखाशास्त्र येतेच, फक्त त्याचे पुस्तकी नाव माहीत नाही. तिने नाव नोंदवले तर घरच्यांनी दोन तास तिचे काम वाटून घ्यावे. परीक्षेच्या दिवसांत पाहुणे बोलवू नयेत. हे लिहावे लागते, कारण आपल्याकडे मुलाची परीक्षा असली की टीव्ही बंद होतो आणि सुनेची असली की पुरणाचा घाट घातला जातो.

पैसे घालायच्या आधी अभ्यास झेपतोय का हे बघायचे असेल तर त्याचीही सोय आहे. इग्नूची पुस्तके ‘ई-ज्ञानकोश’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, त्याला प्रवेश घेतलेला असावा लागत नाही. लेखाशास्त्राचा एक खंड उतरवून घ्या, महिनाभर रोज तासभर वाचा. बसवत असेल तर फॉर्म भरा. नसेल तर फी वाचली. रेंज डोंगराखाली मिळत नसेल तर कर्जतला गेल्यावर उतरवून आणा, वाचायला रेंज लागत नाही.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, मुख्याध्यापक यांच्यासाठी एवढेच. घरात टीव्ही, पोरे, म्हातारी माणसे. शिकणाऱ्याला शांत कोपरा नसतो. शाळेची एक खोली संध्याकाळी सात ते दहा उघडी ठेवायला काय लागते? एक दिवा, चार बाके, पंचायतीची इंटरनेट जोडणी तिथवर ओढली तर उत्तमच. गावातले चार-पाच जण एकाच विद्यापीठाला, एकाच विषयाला असतील तर तिथे एकमेकांना विचारून अर्धा अभ्यास होतो. कारखानदारांनाही सांगणे आहे: पोराने परीक्षेचे प्रवेशपत्र दाखवले तर पाळी बदलून द्या, रजा नाकारू नका. तुमचाच स्टोअरकीपर उद्या तुमचा हिशेब सांभाळणार आहे.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ठराव लिहिताना खोलीची चावी कोणाकडे राहील आणि दिव्याचे बिल कोण भरील, ही दोन नावे ठरावातच घाला.